बिरोबाच्या माळाची पड

कृषिकन्या वाडीत आल्या त्या दिवशी बायकांनी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाच पोरी आणि पाच जोड पांढरे शुभ्र बूट. श्रावणातल्या काळ्या चिखलात ते बूट गावच्या ओढ्यापर्यंतसुद्धा पांढरे राहिले नाहीत.

"शेती शिकाय आल्यात का धुनं शिकाय?" बजाबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका पदराआड हसल्या.

केमच्या स्टेशनापासून दोन कोसांवर ही वाडी. साठ-सत्तर उंबरा, निम्मा धनगरांचा. शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोरींनी चार महिने खेड्यात राहायचं, शेतकऱ्यांकडून शिकायचं आणि शेतकऱ्यांना शिकवायचं, असा नियम. त्या पाचजणींना राहायला शाळेमागची खोली मिळाली. पण चुलीवरच्या भाकरीसाठी त्यातली एक रोज संध्याकाळी बजाबाईच्या दारात यायला लागली. तिचं नाव अक्षता. बार्शीची पोर, बाप तिथल्या आडत बाजारात मापाडी. धान्य तिनं आयुष्यभर पोत्यात बघितलेलं, रानात कमी.

बजाबाई तेव्हा पासष्टीची. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. एकुलता लेक बिरुदेव सोलापुरात भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात, बायको-पोरीसकट तिकडेच. वाडीत बजाबाई आणि तिची सव्वीस मेंढरं. मेंढरांना ती नावानं हाका मारायची आणि ती यायचीही. सकाळी उठल्यावर आधी बिरोबाकडे तोंड करून हात जोडायचे, मग चूल. देवाकडं तिनं कधी काही मागितल्याचं कुणी ऐकलं नाही. "त्यो बघतोय की. सारकं सारकं काय सांगायचं?" एवढंच म्हणायची.

बिरोबाचं देऊळ वाडीच्या वरच्या अंगाला, माळाच्या टोकाशी. माळ ऐंशी एकरांचा. कागदोपत्री गायरान, पण वाडीच्या तोंडी बिरोबाचा माळ. मुरमाड जमीन, वीतभर माती, आणि तिच्यावर गवत. त्या माळाला एक रीत होती. नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत तिथं विळा लागायचा नाही आणि जितराब शिरायचं नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत मेंढरं बांधाबांधानं, रस्त्याच्या कडेनं चारायची. गवत तोवर गुडघ्याला लागायचं, फुलायचं, बी धरायचं आणि बी खाली सांडायचं. दसऱ्याला देवाला सोनं वाहिलं की माळ उघडायचा, आणि मग पुढच्या पावसापर्यंत वाडीची सगळी मेंढरं त्याच वाळल्या गवतावर जगायची. दुष्काळातसुद्धा माळानं कधी हात आखडता घेतला नव्हता.

ह्या बंद महिन्यांना वाडीत एकच शब्द होता. पड.

"बाळंतिनीला कसं सव्वा म्हैना कुनी काम सांगत न्हाय? तसं हाय त्ये," बजाबाईची सासू तिला सांगायची. नवी नवरी होऊन आली तेव्हा बजाबाईनं पडीच्या दिवसांत माळावरून भाराभर गवत कापून आणलं होतं. सासूनं ते गवत मेंढरांपुढं टाकू दिलं नाही. पुन्हा माळावर नेऊन पसरायला लावलं. त्यानंतर सगळी वाडी पड पाळते की नाही हे बघणं हळूहळू बजाबाईकडंच आलं. कुणाचं शेरडू शिरलं तर ती त्याच्या घरी जाऊन अशी बोलायची, की शेरडासकट माणूसही पुन्हा तिकडं फिरकायचा नाही.

आणि नेमक्या त्या शब्दानंच घात केला.

आल्यावर पंधरा दिवसांनी पोरींनी मारुतीच्या देवळापुढं गावाचा नकाशा काढला. रांगोळीचा. शेण-सडा घालून, दोरीनं आखून, बैठकीएवढा मोठा. ओढा निळा, घरं लाल, बागायत हिरवी, जिरायत पिवळी. सगळं गाव बघायला जमलं. ज्याला त्याला आपलं घर शोधायची घाई.

"माझं घर वड्यात घातलंय की गं ह्या पोरीनं!" एक म्हातारा ओरडला.

"बरं हाय, आंगुळीला लांब जायाला नको," बजाबाई म्हणाली.

नकाशाचा वरचा मोठा तुकडा तेवढा कोरा राहिला होता. अक्षता हातात फॉर्म घेऊन बजाबाईशेजारी उकिडवी बसली. "आज्जी, हा वरचा भाग कसला?"

"बिरोबाचा माळ."

"तिथं काय पिकतं?"

"पिकतं? गवात उगवतं की बाय. द्येवाचं गवात. पिकवाय कोन बसलंय तितं?"

"मग आत्ता त्याचा उपयोग काय करता तुम्ही?"

"आत्ता? आत्ता काय न्हाय. पड हाय ती. कुनी पाऊल सुदिक टाकत न्हाय."

अक्षतानं फॉर्म बघितला. जमिनीचा प्रकार: बागायत, जिरायत, वन, पडीक. चार रकाने. तिनं चौथ्यात खूण केली. पुढच्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: सध्या कोणताही उपयोग नाही. मग तपकिरी रंगाची मूठ भरून तो कोरा तुकडा रंगवून टाकला. खाली माहिती देणाऱ्याची सही हवी होती. बजाबाई बचत गटात असताना सही करायला शिकली होती. तिनं पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं आणि वर मान करून सगळ्यांकडं बघितलं. सही झोकात झाली होती.

फॉर्म त्याच आठवड्यात कॉलेजात गेला आणि अक्षताच्या डोक्यातूनही गेला. पुढं माती परीक्षण होतं, बीजप्रक्रिया होती, बायकांना लिंबाचं लोणचं टिकवायला शिकवायचं होतं. त्या लोणच्याला बायकांनी नावं ठेवली, पण बरण्या रिकाम्या केल्या.

दसरा झाला, माळ उघडला. बजाबाई मेंढरं घेऊन निघाली तशी अक्षताही तिच्यामागं गेली. तोवर बूट पायातून गेले होते, चपला आल्या होत्या. गुडघ्याएवढ्या पिवळ्या गवतात मेंढरांच्या फक्त पाठी दिसत होत्या. पायाखालून लावे भुर्रकन उडत होते. बजाबाई चालता चालता एकेक काडी उपटून तिच्या हातात देई.

"ही मारवेल. दूध वाढतं हिनं. ही पवन्या. ह्यो श्येडा. ही कुसळी, हिच्यापासून जपायचं, लोकरीत घुसती आन् मग कातडीत. आन् ह्यो रोशा. चुरगळ बघू."

अक्षतानं चुरगळून वास घेतला आणि डोळे मिटले. "आज्जी, अशी किती आहेत?"

"मोजत्यात व्हय? सासू सांगायची, ईस-बावीस तर मलाच ठावं हायेत म्हनून."

चार महिने संपले. निघताना अक्षता तिच्या पाया पडली, तेव्हा बजाबाईनं तिच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. "शिकून मोठी सायबीन हो. आन् येत जा."

गुढीपाडव्यानंतर पंधरा दिवसांनी सरपंच आबासाहेब स्वतः बजाबाईच्या दारात आला. आनंदानं फुलून गेला होता. "आक्का, गावाचं नशीब उघडलं बघ. आपल्या माळावर झाडं लागत्यात. वीस हजार! पुन्याची कंपनी पैसा देनार, खड्डं, रोपं, तारेचं कुंपन, समदं त्येंचं. आपल्या पदरचा रुपया न्हाय."

बजाबाईला आधी काही उमगलंच नाही. "आन् मेंढरं?"

"पाच वर्सं चराईबंदी. झाडं जगवायची म्हनल्यावं..."

"आबा, माळावं गवात हाय. झाडं घरापुढं लावा, वड्याकडंला लावा. माळावं कशापायी?"

"आगं, माळ पडीक हाय म्हनून तर मिळालं आपल्याला!"

"कोन म्हनलं पडीक?"

आबासाहेब हसला. त्या हसण्यात वाकडेपणा नव्हता, म्हणून तर ते तिला जास्त लागलं. त्यानं पिशवीतून कागदांची चळत काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. "ही सई कुनाची?"

सही बजाबाईचीच होती, एकेक अक्षर जुळवून केलेली.

तिनं शेजारच्या पोरीकडून अक्षताला फोन लावून घेतला. फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तू काय लिवलंस गं? मी पड म्हनले हुते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं अक्षता केमला उतरली आणि स्टेशनापासून चालत वाडीत आली. बजाबाईच्या ओसरीवर बसून तिनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. "आज्जी, मला वाटलं पड म्हणजे पडीक. पुस्तकात तसंच आहे. जिथं पीक नाही, झाड नाही, ती पडीक. दसऱ्यानंतर तुमच्याबरोबर माळावर हिंडले, तरी मला तो कागद आठवला नाही. चार वर्षांत जमिनीचं आरोग्य, शाश्वत शेती, सगळं पाठ केलं मी. प्रत्येक धड्याच्या शेवटी 'शाश्वत' हा शब्द होता. पण तुमच्या शब्दाचा अर्थ विचारायचं सुचलं नाही."

"मला बी कुटं सुचलं सांगायचं," बजाबाई म्हणाली. "मला वाटलं, पड कुनाला ठावं नसती?"

अक्षता आधी कॉलेजात जाऊनच आली होती. तिचे कार्यक्रम अधिकारी गुरुशांत सर भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. म्हणाले, "अगं, गवताळ माळाला रकानाच नव्हता. तू नाही तर दुसरीनं हेच लिहिलं असतं. अहवाल वर गेला, त्यावरून प्रस्ताव झाला, मंजूर झाला. मी पत्र देतो, पण पत्रानं जेसीबी थांबत नाही."

पत्र घेऊन ती एक मेच्या ग्रामसभेत उभी राहिली. म्हणाली, चूक माझी आहे. माळ पडीक नाही, वर्षातले दोन-अडीच महिने विश्रांती घेतो. हे गवत मुळांनी माती धरून ठेवतं, पाणी मुरवतं. मुरमावर खड्डे घेतले तर गवत जाईल आणि झाडंही जगणार नाहीत.

मागून कुणीतरी म्हणालं, "शेतकी शिकती आन् झाडं लावू नका म्हनती! कुटलं कालेज म्हनायचं हे?"

"मागच्या श्रावनात पडीक, आन् आता पडीक न्हाय. पोरी, एक कायतरी ठरीव."

सभा हसली. बजाबाई उठली. आयुष्यात ती पहिल्यांदाच सभेत बोलली. "पोरीला हसू नगा. सई माजी हाय. पन तुमी समदे हितलेच की रं. तुमाला तरी पड म्हंजी काय ठावं हुतं का न्हवतं?"

कुणी जमिनीकडं बघितलं, कुणी मोबाईलकडं. ठावं सगळ्यांनाच होतं. पण निम्म्या घरांत आता मेंढरं राहिली नव्हती, आणि वीस हजार झाडांना नको कोण म्हणणार? झाड लावणं पुण्याचं काम, हे बजाबाईनंही कीर्तनात ऐकलं होतं. खाली बसता बसता तिला क्षणभर वाटलं, आपणच पापाची बाजू तर घेत नाही?

जूनच्या पहिल्या आठवड्यात भूमिपूजन झालं. मांडव, ध्वनिक्षेपक, कंपनीची माणसं. माळाची माहिती देणाऱ्या ज्येष्ठ महिला म्हणून बजाबाईचं नाव पुकारलं आणि शाल-श्रीफळ घेऊन आबासाहेब पुढं आला. तिला नाही म्हणायचं होतं. रात्रभर तिनं ते शब्द जुळवले होते. पण नारळ बिरोबापुढून उचललेला, त्यावर कुंकू लावलेलं. देवाचा नारळ कसा नाकारायचा? तिनं पदर पसरला. फोटो निघाला. तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला आणि तिच्या लेकानं सोलापूरहून अभिमानानं फोन केला, "आई, पेपरात आलीस की!"

यंत्रं आठ दिवस चालली. बजाबाई देवळाच्या पायरीवर बसून बघायची. खालचा पांढरा मुरूम वर आला आणि सगळा माळ लांबून खरूज झालेल्या मेंढरासारखा दिसायला लागला. लाव्यांची एक जोडी तीन दिवस त्याच जागेवर घिरट्या घालत होती. चौथ्या दिवशी दिसली नाही.

त्या साली पाऊस बरा झाला. माळावर लावलेली गिरिपुष्पाची रोपं हातभर वाढली, आबासाहेबानं कंपनीला त्यांचे फोटो पाठवले. पुढच्या उन्हाळ्यात टँकर बंद पडला आणि निम्म्याहून जास्त वाळली. खड्ड्यांच्या मातीवर गवत आलं नाही, काँग्रेस गवत तेवढं आलं. तार मात्र शाबूत राहिली, आणि चराईबंदीची पाटीही.

मेंढरांना बजाबाईनं दीड वर्ष ओढलं. बांधावर गेलं की बांधाचा मालक हाकलायचा, रस्त्यावर गेलं की गाड्यांची भीती. एक मेंढी ट्रकखाली गेली, दोन पोटं फुगून मेली. तिचे गुडघेही दगा द्यायला लागले. शेवटी करमाळ्याचा एकजण येऊन कळप घेऊन गेला. टेम्पोत चढताना मेंढरं मागं वळून तिच्याकडं बघत होती, आणि ती हाक मारत नव्हती. हाक मारली असती तर ती उतरली असती.

आता ती भवानी पेठेत राहते. दोन खोल्या, वर पत्रा. दिवसभर मागांचा खडखडाट. सून चंद्रिका अक्कलकोटकडची, मायेची आहे; सासूला कानडीत अत्ती म्हणते. "अत्ती, ऊन खायला बसा," म्हणून जिन्यात पोतं टाकून देते. बजाबाई तिथं बसते आणि जप करते. बिरोबा कोणत्या दिशेला, हे पहिल्याच दिवशी तिनं लेकाला विचारून घेतलं होतं.

अक्षता महिन्या-दोन महिन्यांनी येते. तिनं पुढचं शिक्षण घेतलं, गवताळ माळांवरच. आता त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मागल्या खेपेला सांगत होती, "आज्जी, पहिल्या तासाला मी वर्गात दुसरं काही सांगत नाही. माझी चूक सांगते. फॉर्म दाखवते. म्हणते, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तुमच्यापुढं ऊन वाढलेलं असेल, पाणी कमी झालेलं असेल, आणि तुम्हाला रोज कुठला ना कुठला फॉर्म भरायचा असेल. समोरच्या माणसाचा शब्द कळला नाही तर लिहू नका. पुन्हा विचारा."

"माजं बी नाव सांगत जा की. सई तर माजीच हाय."

"सांगते."

"मंग काय म्हनत्यात पोरं?"

"काही वहीत लिहून घेतात. काही म्हणतात, बाई, हे परीक्षेला आहे का?"

बजाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी.

ह्या वेळी अक्षता येताना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून गवताच्या काड्या घेऊन आली. कुंपणाच्या आत आता उरलं काय हे ती शोधत होती. देवळामागच्या, यंत्र न पोचलेल्या दोन गुंठ्यांत तिला पाच प्रकार सापडले होते. पुस्तकातली नावं तिला येत होती. तिला वाडीतली हवी होती, आणि ती ज्यांना येत होती त्यांतली बजाबाईच तेवढी उरली होती.

बजाबाईनं चष्मा पुसला. एकेक काडी बोटांत फिरवली, वास घेतला, दाताखाली धरली. "ही मारवेल. ही पवन्या. ह्यो रोशा, पर वास उडालाय ह्येचा. ही..." ती थांबली. काडी उजेडात धरली, पुन्हा खाली घेतली. "हिला मेंढरं आदी शेंडा खायाची, मंग पानं. माजी सासू हिला... ह्ये बघ, व्हटावं येतंय आन्..."

अक्षता पेन धरून बसून राहिली. मागांचा आवाज चालू होता. बजाबाईनं डोळे मिटले, हाताचा पंजा जमिनीजवळ नेऊन गवतातून फिरवावा तसा फरशीवरून फिरवला. नाव आलं नाही. पाचवीचंही आलं नाही.

"माळावं असतं तर आलं असतं गं," ती म्हणाली. डोळ्यांना पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. "वळकीच्या मानसावानी हुती ही, आन् नाव इसरले बघ. लिव्ह कायतरी तू. तुला पुस्तकातलं ठावं हाय की."

"नको आज्जी. रिकामं ठेवते."

चहा घेऊन अक्षता पाचच्या गाडीला निघाली. जाताना तिनं त्या दोन काड्या बजाबाईपाशीच ठेवल्या. सांजवात लावायच्या आधी चंद्रिका केर काढायला आली, तेव्हा बजाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि काड्या मांडीवर होत्या.

"अत्ती, हा कचरा टाकू?"

"नगं," बजाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. नाव यायचंय त्येंचं."